दिवाळीनंतर आलेले मूल आणि मुख्याध्यापकांची दृष्टी

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुणेकरांना ठाऊक होते ते मुख्यतः म्हातोबाच्या बगाडामुळे. चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडचे हे बगाड आजही निघते आणि तेवढ्या दिवसापुरते गाव पूर्वीचेच गाव असते. वर्षाचे उरलेले दिवस मात्र हिंजवडीचे नाव देशात आणि देशाबाहेर घेतले जाते ते राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे. औद्योगिक विकास महामंडळाने येथे जमिनी संपादन केल्या, इन्फोसिस-विप्रोसारख्या कंपन्या आल्या आणि एका पिढीच्या आत हिंजवडी, माण व मारुंजी या गावांची शिवारे काचेच्या इमारतींनी भरून गेली. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटारी एकमेकींना अडवून उभ्या असतात, त्या वेळी त्याच रस्त्याच्या कडेने पाठीवर दप्तर टाकून मुले जिल्हा परिषदेच्या शाळेकडे चाललेली दिसतात. त्यांतली पुष्कळशी या गावची नसतात. हे मनोरे उभारणारे गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवाले मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर कर्नाटकातून, तेलंगणातून, बिहारमधून येथे येतात आणि बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत बिऱ्हाड मांडतात. ज्या घरांत जमिनीचा पैसा आला त्या घरांतली मुले बहुतांशी इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांकडे वळली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या त्यांच्या जागी ही दूरदूरची मुले येऊन बसली.

त्यांपैकी दिवाळीनंतर येणाऱ्या एखाद्या मुलाचा विचार करावा. खरिपाची सुगी आटोपून आईबापांनी गाव सोडलेले असते. बाप एक दिवस कामावर खाडा करून मुलाला शाळेत घेऊन येतो. मुलाजवळ शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, आधारकार्डावरचे नाव चुकलेले आहे. वय नऊ, वाचनाची गती दुसरीची आणि घरची भाषा तेलुगू. एक मुख्याध्यापक त्या बापाला सांगतात, ‘दाखला घेऊन या, मग पाहू.’ बाप मान डोलावून निघून जातो आणि पुन्हा फिरकत नाही. दुसरे मुख्याध्यापक हजेरीपटावर नाव लिहितात, मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवतात आणि त्याची भाषा समजणारा एखादा विद्यार्थी शोधून त्याला शेजारी देतात. दोघांची पदवी सारखी, वेतनश्रेणी सारखी आणि दोघांना लागू असलेला कायदाही एकच. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही, दाखला नाही किंवा वर्ष सुरू होऊन गेले आहे या कारणांवरून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे पहिल्या मुख्याध्यापकांचे उत्तर बेकायदा आहे. तरीही ते उत्तर सर्रास दिले जाते. ते देणारे गृहस्थ कोणी दुष्ट नसतात. कित्येकदा अत्यंत काटेकोर म्हणून त्यांचा लौकिक असतो.

हे असे का होते याचा उलगडा करण्यासाठी शाळेचा हिशेब कसा मांडला जातो ते पाहिले पाहिजे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यतेसाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा. दिवाळी त्यानंतर येते. अलीकडच्या वर्षांत तर ज्या विद्यार्थ्यांच्या आधारकार्डाची पडताळणी झाली आहे तेवढेच हिशेबात धरण्याचा आग्रह आहे. अर्थात नोव्हेंबरमध्ये आलेले मूल शाळेला शिक्षक मिळवून देत नाही, त्यामुळे वर्गाचे ओझे तेवढे वाढते. बांधकाम संपले की मार्चमध्ये त्याचे आईबाप मुक्काम हलवतात, आणि मग त्या मुलाची गळती का झाली याचा खुलासा मुख्याध्यापकांना करावा लागतो. मधल्या काळात चाचणी झाली तर वर्गाची सरासरी त्याच्यामुळे खाली येते. दार उघडणाऱ्या मुख्याध्यापकाच्या पदरात त्रास पडतो आणि दार लावून घेणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल की अशा व्यवस्थेत दारे लागलेलीच राहणार. आश्चर्य करायचे तर काही दारे उघडी सापडतात याचे करावे.

शाळांच्या नेतृत्वाने नवी दृष्टी बाळगावी, सतत शिकत राहावे, असे उपदेश अलीकडे फार ऐकू येतात. कार्यशाळा भरतात, पडद्यावर चित्रे दाखवली जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात. या उपदेशात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. किंबहुना त्यामागे एक अस्सल आर्थिक कारण आहे, आणि ते थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने फार पूर्वी मांडून ठेवले आहे. शुल्ट्झ यांना १९७९ साली आर्थर लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने शेती करणारा शेतकरी अडाणी नसतो, उपलब्ध साधनांचा तो उत्तम वापर करीत असतो, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. पुढे १९७५ साली त्यांनी त्याचा दुसरा अर्धा भाग सांगितला. परिस्थिती स्थिर असते तोवर अंगवळणी पडलेली रीत पुरते. नवे बियाणे, नवा बाजार, नवे तंत्र येऊन जुना समतोल मोडला, की मग बदल ओळखणे, त्याचा अर्थ लावणे आणि आपली साधने नव्याने मांडणे या कुवतीला मोल येते. शिक्षणाचे खरे आर्थिक मूल्य या कुवतीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

समतोल मोडणे म्हणजे काय याचे हिंजवडीइतके ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पूर्वी येथल्या शाळेत येणाऱ्या मुलाचे घर, भाषा, सोयरेधायरे सारे गुरुजींना माहीत असत. मूल आले नाही तर चार घरे ओलांडून त्याला बोलावून आणता येई. आता एका वर्गात चार भाषा आहेत, पट दर महिन्याला हलतो, आणि शाळेच्या भिंतीपलीकडे असे व्यवसाय चालतात की ज्यांची नावेही वीस वर्षांपूर्वीच्या डी.एड. अभ्यासक्रमात नव्हती. स्थिर गावात उत्तम ठरलेला मुख्याध्यापक येथे गोंधळून गेला तर तो त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. परंतु गोंधळ झाला आहे हे कबूल न करता तो जुनीच रीत अधिक कडकपणे राबवू लागला, तर मात्र नुकसान होते आणि ते मुलांचे होते.

‘वर्धिष्णू’ हा शब्द महाराष्ट्राला शिवरायांच्या मुद्रेमुळे परिचित आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारे, असा त्याचा तेथला अर्थ. माणसाची बुद्धी आणि कर्तबगारी ही जन्मतः ठरून आलेली नसते, प्रयत्नाने आणि योग्य मार्गदर्शनाने ती वाढते, असे मानणाऱ्या वृत्तीला हा शब्द चांगला शोभतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या वृत्तीवर अनेक वर्षे संशोधन केले आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पसरली. त्यांचा क्लॉडिया म्यूलर यांच्यासह केलेला १९९८ सालचा एक प्रयोग तर आपल्याकडील प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावा असा आहे. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, काहींना ‘तू कष्ट घेतलेस’ अशी. पुढे मुद्दाम कठीण कोडी दिली तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुले लवकर नाउमेद झाली. एवढेच झाले असते तर हा प्रयोग केवळ वर्गातल्या शिक्षकाच्या कामाचा ठरला असता. परंतु आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायला सांगितल्यावर याच गटातल्या बऱ्याच मुलांनी ते वाढवून सांगितले. कष्टाची शाबासकी मिळालेल्यांत असे करणारी मुले फार थोडी निघाली.

महाराष्ट्राच्या शालेय प्रशासनात गेल्या काही वर्षांत जे घडले त्याचे याहून नेमके वर्णन शोधावे लागणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची किती मुले प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती हे चव्हाट्यावर आले. पुढे शाळांना ‘प्रगत’ घोषित करण्याची मोहीम आली, स्वयंमूल्यमापनाच्या श्रेणी आल्या, प्रवेशद्वारावर आयएसओ मानांकनाच्या पाट्या झळकल्या. शाळेवर ‘उत्तम’ असा शिक्का मारायचा आणि मग तो टिकवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकावर टाकायची, ही रीत त्या प्रयोगातल्या पहिल्या गटाचीच रीत आहे. तिचा परिणामही तोच होतो: अडचण सांगायची नाही, आकडा फुगवून सांगायचा. ‘आमच्या चौथीतल्या अकरा मुलांना अजून वजाबाकी येत नाही’ हे वाक्य एखाद्या मुख्याध्यापकाने केंद्राच्या बैठकीत उच्चारले, तर त्याला मदत मिळेल की नोटीस, याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

ड्वेक यांच्या कल्पनेला मर्यादा आहेत हेही सांगितले पाहिजे. २०१८ साली अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा या वृत्तीचा विद्यार्थ्यांच्या यशाशी असलेला संबंध सरासरीने क्षीणच आढळला. २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील नववीच्या विद्यार्थ्यांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या पाठाने मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत थोडी परंतु निश्चित वाढ झाली, असे त्यात दिसले. त्यातला अधिक मोलाचा भाग असा की, ज्या शाळांतले वातावरण आव्हान स्वीकारण्याला अनुकूल होते तेथे हा पाठ अधिक रुजला आणि इतरत्र तितका रुजला नाही. मुलांच्या बाबतीत जे खरे तेच मुख्याध्यापकांच्या बाबतीत खरे असणार. तीन दिवसांच्या शिबिरात वर्धिष्णू वृत्तीचे व्याख्यान ऐकून मुख्याध्यापक शाळेत परततो आणि चौथ्या दिवशी त्याच्या टेबलावर माहिती भरण्याचे पाच तक्ते येऊन पडतात, त्या शिबिराचा उपयोग किती?

नवी दृष्टी म्हणजे नेमके काय, याचे उदाहरण परदेशातूनच आणले पाहिजे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वाढले. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी वस्तीत त्यांच्यापुढे प्रश्न होता तो गुरे राखणाऱ्या मुलांचा. ही मुले शाळेत येत नसत. त्या काळातल्या कोणत्याही तपासनिसाने त्यावर ‘पालकांत शिक्षणाविषयी अनास्था’ असा शेरा मारला असता आणि तो शेरा सर्वांना पटलाही असता. ताराबाई-अनुताईंनी प्रश्न उलटा केला: शाळेच्या वेळी मुले असतात कोठे? ती कुरणात असतात. मग शाळा कुरणात नेली, आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला. त्यासाठी मोठे भांडवल लागले नाही. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने काय बदलावे, असा प्रश्न विचारण्याची तयारी लागली. ती असण्यासाठी आपल्या संस्थेच्या रचनेत चूक असू शकते हे मनाने मान्य करावे लागते, आणि अधिकारपदावर बसलेल्या माणसाला जड जाते ते हेच.

हिंजवडीच्या परिसरातली कुरणे गेली. बांधकामाची आवारे ही आजची कुरणे आहेत. मुंबईत १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी सुरू केलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था १९९३ पासून पुण्यात काम करते आणि बांधकाम मजुरांच्या मुलांपर्यंत शाळा नेण्याचा, तसेच त्यांना जवळच्या सरकारी शाळेत पोचवण्याचा प्रयत्न करते. अशा संस्थांचे कार्यकर्ते वस्तीवरून मुले गोळा करून शाळेच्या दारापर्यंत आणून सोडतात. दाराच्या आतला प्रश्न मात्र मुख्याध्यापकांचाच राहतो. तेथे स्वयंसेवी संस्था त्यांची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये.

वरच्या अधिकाऱ्याची दृष्टी बदलली की शाळाप्रमुखांची कशी बदलते, याचे अलीकडचे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या सुमारे चाळीस जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. विस्तार अधिकारी हे पद आपल्याकडे तपासणीचे. दप्तर पाहायचे, शेरेबुकात शेरा लिहायचा आणि पुढच्या शाळेकडे निघायचे, ही त्याची परंपरा. कुमठ्यात या पदावरची व्यक्ती शिक्षकांबरोबर वर्गात बसली, मुले कशी शिकतात ते त्यांच्यासह पाहू लागली, आणि चाळीस शाळांना आपसांत बोलण्यासाठी एक विषय मिळाला. राज्यभरातून शिक्षक आणि अधिकारी ते पाहायला गेले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाला, त्यामागे या कामाचीही प्रेरणा होती.

पुढे जे झाले ते मात्र विचार करायला लावणारे आहे. कुमठ्याच्या वर्गात जमिनीवर आखलेल्या आकृत्या होत्या, मुलांच्या हाताला येतील असे फळे होते. पाहून आलेल्यांपैकी अनेकांनी आपापल्या शाळेच्या फरशा रंगवून घेतल्या. रंगवलेल्या फरशांची छायाचित्रे वर गेली, वरून शाबासकी आली, आणि वर्ग पूर्वीसारखेच चालू राहिले. आकृती कशासाठी काढली हे ज्याला उमगले होते त्याला ती पुसून दुसरी काढता येत होती. ज्याने फक्त नक्कल केली त्याची आकृती तैलरंगात कायमची झाली. फरशा रंगवणाऱ्यांना हसणे सोपे आहे. त्यांनी तसे केले कारण व्यवस्थेने त्यांच्याकडे पुरावा मागितला, आणि छायाचित्रात येऊ शकेल असा पुरावा फरशीचाच होता.

पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव २०२५ साली जगभर गेले. लंडनच्या ‘टी-फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकमताने दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला. काही वर्षांपूर्वी ही शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांनी तेथे ‘विषयमित्र’ ही पद्धत रुजवली: वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसतात आणि ज्याला जे आले ते तो दुसऱ्याला शिकवतो. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचा कायापालट झाला तोही याच मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत आणि गावकऱ्यांच्या साहाय्याने. एक मूल दुसऱ्याला शिकवते ही कल्पना हिंजवडीसारख्या चार भाषांच्या वर्गात किती उपयोगी पडेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु अशा यशाकडे पाहताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एखादा असामान्य मुख्याध्यापक जेथे जाईल तेथे शाळा फुलते, हे त्याचे कर्तृत्व झाले. तो गेल्यावर काय उरते आणि शेजारच्या शाळेने त्यातले काय घेतले, याची पाहणी व्यवस्थेने करावयाची असते. राज्यातल्या जिल्हा परिषद शाळांची संख्या हजारांत मोजावी लागते. एवढी असामान्य माणसे कोणताही समाज निर्माण करू शकत नाही. सामान्य कुवतीच्या माणसाला चांगले काम करता येईल अशी रचना करणे, एवढेच प्रशासनाच्या हाती असते आणि तेवढे पुष्कळ असते.

हिंजवडीच्या शाळांना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि तो इतर खेड्यांतल्या शाळांना करावा लागत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. इन्फोटेक पार्कच्या सावलीतल्या शाळांकडे या पैशाचा ओघ येणे स्वाभाविक आहे. संगणक येतात, रंगरंगोटी होते, वर्षातून एकदा कंपनीतली तरुण मंडळी मुलांबरोबर चित्रे काढायला येतात. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा की शाळेला काय हवे हे कोणी ठरवायचे? ज्या शाळेच्या मुख्याध्यापकाने ‘आम्हाला संगणक नकोत, तेलुगू आणि हिंदी जाणणारी एक शिक्षणसेविका दोन वर्षांसाठी द्या’ असे म्हणण्याचे धैर्य कमावलेले नाही, ती शाळा मिळेल ते घेत राहते. भांडवल दारात येऊन उभे आहे आणि त्याचा उपयोग ठरवणारा उद्योजक मात्र नाही, अशी ही स्थिती आहे. मुख्याध्यापकाकडून उद्योजकतेची अपेक्षा करणे अनेकांना रुचणार नाही. परंतु कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था वाढवली ती दारात आलेल्या दानावर केवळ समाधान मानून खासच नव्हे.

हे धैर्य येणार कोठून? मुख्याध्यापक कसे निवडले जातात ते पाहावे. खासगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्यानुसार आवश्यक पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्यांपैकी ज्येष्ठतम शिक्षकाकडे हे पद जाते. जिल्हा परिषदेतही ज्येष्ठतेचाच वरचष्मा आहे. ज्येष्ठतेचा नियम सर्वथा टाकाऊ नाही. संस्थाचालकांच्या लहरीपासून आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या नेमणुकांपासून त्याने शिक्षकांचे रक्षण केले आहे आणि तो काढून टाकावा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. पण ज्येष्ठता म्हणजे तयारी नव्हे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गणित शिकवलेल्या शिक्षकाला एका सकाळी किल्ल्या आणि शेरेबुक सोपवले जाते. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेली असतात, आणि त्या काळात आपल्या हातून काही चूक होऊन निवृत्तिवेतन अडकू नये एवढीच त्याची इच्छा असते. कित्येक ठिकाणी तर कायम नेमणूकही नसते. ‘प्रभारी’ या बिरुदाखाली वर्षे निघून जातात. प्राथमिक शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर असेल तर. त्याखालच्या शाळेत एखादा शिक्षकच वर्ग सांभाळून हा कारभार पाहतो. पोषण आहाराचा तांदूळ किती शिजला, कोणत्या संकेतस्थळावर कोणती माहिती भरायची राहिली, कोणता अहवाल आज दुपारपर्यंत पाठवायचा, यात त्याचा दिवस संपतो. या वेळाचा वैकल्पिक खर्च कोणी मोजत नाही. तो मोजला तर एकेक तक्ता किती पाठांच्या किमतीला पडतो हे दिसेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनीही दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा व्यक्त केली आहे, आणि शाळासंकुलांची कल्पना पुन्हा मांडली आहे. ‘पुन्हा’ म्हणण्याचे कारण, जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळासंकुलांची शिफारस केलीच होती. शेजारशेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे आणि बरेचसे निर्णय आपापसांत घ्यावेत, असा तिचा आशय होता. ही शिफारस अर्ध्या शतकाहून अधिक काळ कागदावर राहिली, कारण तिच्यात अधिकार खाली सोडण्याची मागणी होती. ५० तास तर सहज भरतील. भ्रमणध्वनीवर चित्रफीत लावून ठेवून तास भरण्याची कला शिक्षकांना कोणी शिकवावी लागत नाही. त्या ५० तासांपैकी निम्मे जरी हिंजवडीच्या मुख्याध्यापकाने माण-मारुंजीच्या किंवा जालिंदरनगरच्या वर्गात बसून आणि तेथल्या मुख्याध्यापकाने हिंजवडीच्या वर्गात बसून काढले, तर दोघांच्याही पाहण्यात फरक पडेल. आपल्या शाळेत रोज दिसत असल्यामुळे जे दिसेनासे झाले आहे, ते परक्या शाळेतून परतल्यावर दिसू लागते.

याचा अर्थ सारा दोष व्यवस्थेचा आणि मुख्याध्यापक केवळ तिचे बळी, असा कोणी काढू नये. ‘वरून आदेश नाही’ या वाक्याचा आडोसा जितका खरा असतो तितकाच सोयीचाही असतो. दिवाळीनंतर आलेल्या मुलाला दाखला मागण्याचा आदेश वरून कोणीही दिलेला नाही. आदेश त्याच्या उलट आहे. वर्गात चार भाषा असताना त्यांतल्या एकाही भाषेतले दहा शब्द शिकून घेऊ नयेत, असेही कोणत्या परिपत्रकात म्हटलेले नाही. शाळा व्यवस्थापन समितीत मजूरवस्तीतल्या एखाद्या पालकाला बसवण्यास कायद्याची आडकाठी नाही. उलट दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे असे कायदाच सांगतो. ही माणसे संध्याकाळी सातनंतर मोकळी होतात, म्हणून समितीची बैठक कधीतरी सातनंतर घ्यावी लागेल, इतकेच. शिक्षक संघटनांनीही बदल्या आणि वेतनाच्या प्रश्नांइतक्याच आग्रहाने हे विषय अधिवेशनांत घेतले, तर ‘शिक्षक स्वतःपुरतेच भांडतात’ हा नेहमीचा आरोप करणाऱ्यांची पंचाईत होईल.

शासनाच्या बाजूने करण्यासारख्या गोष्टींत एक गोष्ट अगदी लहान आहे आणि ती इतर कशाचीही वाट न पाहता करता येईल. ज्या गावांत स्थलांतरित मुलांची ये-जा मोठी आहे, अशा हिंजवडी, माण, मारुंजीसारख्या गावांत पट वर्षातून दोनदा मोजावा: एकदा ३० सप्टेंबरला, आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस. दुसऱ्या मोजणीत जी वाढ दिसेल तिच्या प्रमाणात उरलेल्या सत्रापुरता मानधनावरचा शिक्षक मंजूर करण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा. आधारकार्ड नसलेल्या मुलाची ओळख मुख्याध्यापकाच्या आणि व्यवस्थापन समितीच्या सहीने ग्राह्य धरावी, आणि त्या सहीची पडताळणी वर्गात जाऊन मुले मोजून करावी. पटपडताळणीचा अनुभव असलेल्या राज्याला मुले मोजता येत नाहीत असे नाही. मार्चमध्ये जे मूल पुढच्या गावी जाईल त्याच्याबरोबर ते काय शिकले याचा एक कागद जावा, आणि ते मूल ‘गळती’च्या रकान्यात न लिहिता ‘पुढे पाठवले’ असे लिहिले जावे. असे झाले तर नोव्हेंबरमधल्या एखाद्या सकाळी शाळेच्या दारात मुलाला घेऊन उभ्या असलेल्या बापाला दाखला विचारण्यात मुख्याध्यापकाचा काही फायदा उरणार नाही.